नऊ मीटर चौदा

आमच्या लहानपणी उचगावात हर्डल म्हणजे ऊस. दोन्ही बाजूंना पाच-पाच विटा रचायच्या, वर एक सरळसोट कांडं आडवं टाकायचं आणि पळत येऊन त्यावरून जायचं. पाय लागला की ऊस घरंगळायचा. ज्याच्या पायानं पडला, त्यानं तो गुडघ्यावर मोडून सगळ्यांना वाटायचा, असा नियम होता. त्यामुळं काही जण मुद्दाम पाडायचे. दिवाळीच्या सुट्टीत कारखान्यांच्या गळिताची चाहूल लागलेली असायची, रस्त्यानं उसाच्या गाड्या सुरू व्हायच्या, आणि हर्डलचा तुटवडा आम्हाला कधी पडला नाही.

खरा हर्डल पाहिला तो हायस्कुलात. लोखंडी पाय, वर काळी-पांढरी पट्टी. बघताक्षणी वाटलं, ह्याच्यावरून उडी मारायची. ते वाटणं डोक्यातून काढायला मला चार वर्षं लागली, आणि पुरतं निघालं तोवर माझी शर्यतच संपली होती. हर्डल्स ही उड्यांची शर्यत नाही. हवेत असताना माणसाला वेग वाढवता येत नाही, तो फक्त कमी होतो. म्हणजे हर्डलच्या वर घालवलेला प्रत्येक क्षण हा शर्यतीतून वजा झालेला क्षण. शर्यत होते ती दोन हर्डलांच्या मधल्या जमिनीवर. हे मी आता छातीठोकपणे सांगतो. तेव्हा मात्र मी हर्डलांवरून असा काही उडायचो की पाहणारे टाळ्या वाजवायचे, आणि शेवटून दुसरा यायचो.

बक्षीस समारंभाला आलेले पाहुणे हमखास म्हणतात, जीवन ही अडथळ्यांची शर्यत आहे. ही शर्यत त्यांनी कधी टेप घेऊन मोजलेली नसते. पुरुषांच्या ११० मीटरमध्ये पहिला हर्डल १३.७२ मीटरवर, पुढं दर ९.१४ मीटरवर एक, दहावा ओलांडला की १४.०२ मीटर मोकळं रान. सगळ्यांची उंची १०६.७ सेंटिमीटर. महिलांच्या १०० मीटरमध्ये पहिला १३ मीटरवर, मधलं अंतर साडेआठ, उंची ८३.८, शेवटी साडेदहा मीटर. सगळं आधीच मोजून, सांगून, फक्की मारून ठेवलेलं. असं आयुष्य कुणाच्या वाट्याला आलंय?

हे आकडे असे तिरपागडे का, तर ते मुळात यार्डांचे आणि फुटांचे. ९.१४ मीटर म्हणजे दहा यार्ड, १३.७२ म्हणजे पंधरा, १०६.७ सेंटिमीटर म्हणजे साडेतीन फूट. हा खेळ इंग्लंडात वाढला. तिथले पहिले हर्डल म्हणजे मेंढ्यांच्या वाड्याला लावायच्या लाकडी पाट्या. आपल्याकडं धनगर वाघर लावतात, तिकडं या पाट्या ठोकायचे. त्याच जमिनीत रोवून त्यांवरून पोरं पळवली. पाय अडकला तर पाटी हलायची नाही, पोरगं पडायचं. पुढं हर्डल सुटे झाले, पण उलट्या टी-च्या आकाराचे आणि जड. १९३५ च्या सुमारास एल-च्या आकाराचा हर्डल आला, पाय पळणाऱ्याच्या बाजूला केलेला. त्याला धक्का लागला की तो पुढं कलंडतो. आजच्या नियमानुसार हर्डलचं वजन किमान १० किलो हवं, आणि वरच्या पट्टीच्या मध्यावर साधारण ३.६ ते ४ किलोचा रेटा बसला की तो पडायला हवा. त्यासाठी पायांत सरकती वजनं असतात. उंची बदलली की वजनंही सरकवायची. शाळेच्या मैदानांवर हे करतं कोण? उंची वाढवतात, वजनं गंजून जिथल्या तिथं, आणि मग हर्डल एक तर वाऱ्यानं पडतो, नाहीतर पोराच्या नडगीची परीक्षा घेतो.

*

उचगाव म्हणजे आमचं, करवीर तालुक्यातलं. बेळगावच्या अलीकडंही एक उचगाव आहे, ते वेगळं. आमचं कोल्हापूर शहराला इतकं चिकटलेलं की शहर कुठं संपलं हे रिक्षावाल्यालाच माहीत. एका बाजूला गांधीनगरची कापडपेठ, मधून पुणे-बंगळूर महामार्ग, तावडे हॉटेलचा चौक, दुसरीकडं टेंबलाईची टेकडी. ललितापंचमीला अंबाबाईची पालखी त्या टेकडीवर जाते आणि कोहळा फुटतो. तो फुटला की आमच्याकडं थंडीची आणि मैदानाची आठवण एकदमच होते.

पहाटे मैदानावर गर्दी असते, पण ती भरतीची. पोलीस भरतीला मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. हर्डल्स भरतीत नाहीत, म्हणून मैदानातही नाहीत. याबद्दल पोरांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. ज्याच्या घरात एक नोकरी हवी आहे, त्यानं १६०० मीटरच पळावं. पण त्यामुळं एक गोष्ट होते. चौदा-पंधराव्या वर्षी ज्या पोरापोरींचे पाय हर्डलसाठीच घडलेत, त्यांना ते कळतच नाही. लांब पल्ल्याचा धावक विसाव्या वर्षीसुद्धा घडवता येतो. हर्डलरचं वय तोवर उलटून गेलेलं असतं, कारण इथं पायांना एक ताल शिकवायचा असतो, आणि ताल लहानपणीच अंगात मुरतो.

माझी भाची नववीत आहे. शाळेकडून १७ वर्षांखालच्या मुलींच्या १०० मीटर हर्डल्समध्ये नाव दिलंय. हर्डलची उंची ७६.२ सेंटिमीटर, मधलं अंतर साडेआठ मीटर. तालुका झाला, जिल्ह्याला अडकली. सुट्टीला आली ती तक्रार घेऊनच.

"मामा, मी तीनच घेतोय बघा, पण चवथं पाऊल पडतंयच. मग उलटा पाय येतोय."

कोल्हापूरच्या पोरी 'मी घेतोय' म्हणतात, ते वाचकांनी चालवून घ्यावं.

तिची तक्रार नेमकी होती. दोन हर्डलांच्या मध्ये तीन पावलं टाकायची असतात. तीन टाकली की दरवेळी तोच पाय पुढं जातो. चार पडली की पाय बदलतो, आणि दोन्ही पायांनी सारखं जाता येईल अशी पोरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. पाच टाकली तर पाय तोच राहतो, पण पोरगी शर्यत सोडून टिपऱ्या खेळायला लागल्यासारखी दिसते.

आता यातला हिशेब बघा. साडेआठ मीटरमधलं सगळं अंतर पावलांना मिळत नाही. हर्डलच्या अलीकडं दोन मीटरच्या आसपास पाय सुटतो आणि पलीकडं मीटर-सव्वा मीटरवर टेकतो. उरले साडेपाचच्या आसपास मीटर, त्यात तीन पावलं. म्हणजे एक पाऊल सुमारे एक मीटर ऐंशीचं. पाच फूट उंचीच्या मुलीला हे पाऊल ताणून टाकावं लागतं. पुरुषांच्या शर्यतीत हेच उलटं. ९.१४ मधून उडीचं अंतर वजा केलं की तीन पावलांना पावणेसहाच्या आसपास मीटर उरतात. सहा फुटी धावक मोकळा पळताना सव्वादोन-अडीच मीटरचं पाऊल टाकतो, त्याला इथं ते आखडून, झपझप टाकावं लागतं. मधलं अंतर सगळ्यांना सारखंच. उंच माणसाला ते तोकडं आणि बुटक्याला लांब. हर्डल्सचा सगळा सराव या एका अंगाला न बसणाऱ्या मापात अंग बसवण्याचा आहे.

आणि ही तीन पावलंही सारखी नसतात. हर्डलवरून उतरल्यानंतरचं पहिलं तोकडं, दुसरं सगळ्यांत लांब, तिसरं जरा कमी आणि चट्कन. उतरणारा पाय धरला तर जमिनीवर चार ठोके पडतात आणि मग हवेतली शांतता. कुस्तीच्या मैदानात हलगीवाला ठोका धरून एकदम हात रोखतो, तसं. चांगला हर्डलर डोळे मिटून ऐकला तरी ओळखू येतो. भाचीला डोळे मिटून ऐकलं, तेव्हा चवथ्या पावलाच्या आधीच काहीतरी बिघडत होतं.

*

चूक शोधायला मला दोन पहाटा लागल्या. मैदानात वाकून बघावं लागतं, उभं राहून दिसत नाही. तिचा पाय हर्डलच्या फार जवळून सुटत होता, जेमतेम पाच पावल्यांवरून. पावली म्हणजे टाच-अंगठा, टाच-अंगठा असं मोजलेलं माप. मैदानात टेप कुणाकडंच नसतो, पावल्या मात्र सगळ्यांकडं असतात. जवळून सुटलं की वर जावं लागतं. वर गेलं की हवेत वेळ जातो, उतरताना धपकन खाली येतं, टाच आधी टेकते आणि पुढचं पाऊल मेलेलं पडतं. मग उरलेल्या दोन पावलांत अंतर पुरत नाही आणि चवथं आपोआप पडतं. चूक चवथ्या पावलात दिसते, पण ती घडलेली असते आधीच्या हर्डलच्या अलीकडं.

जवळून सुटणं हे भीतीचं लक्षण आहे. लांबून सुटायचं म्हणजे हर्डलकडं झेपावायचं, आणि माणसाचं मन म्हणतं, आधी जवळ जाऊन बघू. म्हणून मी अलीकडं फक्कीची एक रेघ मारली, तिच्या सात पावल्यांवर, आणि सांगितलं की ह्या रेघेच्या पुढं पाय टाकायचा नाही. दुसरं म्हणजे हर्डल खाली केला. शाळेच्या हर्डलला तेवढं खाली येता येत नाही, म्हणून विटा आणि प्लंबरकडचा पीव्हीसीचा पाइप. उसाची जागा पाइपनं घेतली एवढीच प्रगती. पाइप गोड नसतो.

आणि तिसरं, ज्यावर ती रुसली, ते म्हणजे हर्डल जवळ आणले. साडेआठवरून साडेसात.

"हे लबाडीचं झालं की ओ."

लबाडीचं नाही. जगभरचे हर्डलर सरावात अंतर कमी करून पळतात, मोठे मोठे सुद्धा. शर्यतीच्या दिवशी अंगात वेगळाच जोर असतो, समोर शेजारच्या लेनमधला असतो, वेग वाढतो आणि पावलं आपोआप लांब पडतात. सरावात तेवढा वेग येत नाही. मग पूर्ण अंतरावर सराव केला तर ताल मंद शिकला जातो आणि तोच पायांत बसतो. जवळच्या अंतरात पाय झपझप हलवावे लागतात. वेगाचा ताल आधी शिकायचा, अंतर मागाहून वाढवायचं. आपल्या शाळांमध्ये नेमकं उलटं होतं. पहिल्या दिवशीच नियमाच्या उंचीवर, नियमाच्या अंतरावर दहा हर्डल मांडतात आणि शिट्टी वाजवतात.

*

ड्रिल्सबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण लोकांना त्या कवायतीसारख्या वाटतात.

सगळ्यांत जुनी म्हणजे जमिनीवर बसायची. एक पाय समोर सरळ, दुसरा मागं काटकोनात दुमडलेला, आणि पुढं वाकून अंगठा धरायचा. आमच्या काळात वॉर्मअप म्हणजे हीच. फोटोला छान दिसते. माझं मत विचाराल तर हिनं हर्डल्स येत नाहीत, मागच्या गुडघ्याला मात्र ताण बसतो. कंबर मोकळी करायला हर्डल ओळीनं मांडून एकावरून चालत जायचं आणि पुढच्याच्या खालून वाकून निघायचं, हे कितीतरी बरं.

दुसरी भिंतीची. भिंतीसमोर हर्डलच्या अंतरावर उभं राहायचं, गुडघा आधी वर आणायचा आणि मग तळवा भिंतीवर टेकवायचा. 'गुडघा आधी' यात सगळं आलं. नवशिका पाय सरळ ठेवूनच कंबरेतून झोकतो, फाटक उघडल्यासारखा. तसा पाय जायला वेळ लागतो आणि अंग मागं कलतं. गुडघा आधी गेला की पाऊल त्याच्या मागून सुटतं आणि छाती पुढं राहते. भिंत असते म्हणून अंग आपोआप पुढं झुकतं. उलटा हात समोर जातो, घड्याळ बघितल्यासारखा, फार वर नाही. वीस-वीस वेळा दोन्ही पायांनी. ही ड्रिल घरी करता येते. आमच्या घराच्या मागच्या भिंतीवर सहावी ते अकरावीपर्यंतचे माझे बूट उमटले होते. पुढं चुना मारला.

तिसरी मागच्या पायाची, आणि हिलाच सगळे टाळतात. हात भिंतीला, हर्डल बाजूला, मागचा पाय त्याच्यावरून काढायचा. गुडघा बगलेच्या दिशेनं वर, पंजा बाहेर वळवलेला म्हणजे बोट पट्टीत अडकत नाही, आणि मग गुडघा तसाच समोर ओढायचा. बहुतेक पोरं पाय पट्टीवरून काढतात आणि बाजूला सोडून देतात. मग पाय बाहेर पडतो, कंबर फिरते, पुढचं पाऊल तिरकं जातं. हर्डलवर पुढचा पाय सगळ्यांना दिसतो, फोटोत तोच येतो. पुढच्या पावलाची लांबी मात्र ठरते मागच्या पायावरून.

त्यानंतर हर्डलच्या कडेनं पळायचं. एकदा फक्त पुढचा पाय काठावरून, एकदा फक्त मागचा. मग खुज्या हर्डलांवरून पाच पावलांत, मग तीन पावलांत. हे सगळं पाच-पाच, सहा-सहा वेळा. कंटाळवाणं आहे. पण आमच्याकडं तालमीत एकच डाव महिनोन् महिने घोटतात आणि त्याचं कुणाला नवल वाटत नाही. पट्ठ्याला लाल मातीत रोज सकाळी तोच पट काढायला लावणाऱ्या गावाला हर्डलच्या ड्रिलचा कंटाळा यायचं कारण नाही. शाहू महाराजांनी खासबागचं मैदान १९१२ साली बांधलं आणि डाव घोटण्याची शिस्त घराघरांत नेली. तेवढी शिस्त ट्रॅकवर आणली तर काय होईल, असा विचार मी अधूनमधून करतो आणि चहा प्यायला जातो.

*

काय होतं याचं एक उदाहरण मराठवाड्यातून आलं. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातला तेजस शिरसे भुवनेश्वरला रिलायन्स फाउंडेशनच्या केंद्रात जेम्स हिलियर यांच्याकडं सराव करत होता. २२ मे २०२४ ला फिनलंडमधल्या युवास्कुला गावात त्यानं ११० मीटर हर्डल्स १३.४१ सेकंदांत पार करून राष्ट्रीय विक्रम केला. आधीचा १३.४८ होता, मुंबईच्या सिद्धांत थिंगलायाचा, २०१७ सालचा. म्हणजे या शर्यतीचा राष्ट्रीय विक्रम एका मराठी मुलुखातून दुसऱ्या मराठी मुलुखात गेला, आणि आपल्या वर्तमानपत्रांत त्या दिवशी बहुधा आयपीएल होती.

सात शतांश सेकंद. हा फरक दहा हर्डलांवर वाटला तर एकामागे सात सहस्रांश येतात. पापणी लवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. हे सात सहस्रांश कुठून काढले जातात? पाय पट्टीच्या बोटभर जवळून नेण्यातून, उतरणारा पाय खाली ओढून टेकवण्यातून, पहिलं पाऊल न मरू देण्यातून. पॅरिस ऑलिम्पिकची थेट पात्रता वेळ १३.२७ होती. त्याला आणखी चौदा शतांश हवे होते, हर्डलमागे चौदा सहस्रांश.

त्याच केंद्रात, त्याच प्रशिक्षकाकडं आंध्रची ज्योती याराजी घडली. १०० मीटर हर्डल्स तेरा सेकंदांच्या आत पळणारी ती पहिली भारतीय महिला, २०२३ मध्ये १२.७८. तिच्या आधी अनुराधा बिस्वालचा १३.३८ चा विक्रम २००२ पासून तसाच होता. वीस वर्षं एक आकडा हलत नाही आणि मग एका केंद्रातून दोन-तीन वर्षांत पुरुषांचा आणि महिलांचा असे दोन्ही आकडे हलतात, तेव्हा आपल्या पोरांच्या पायांत दम नव्हता असं म्हणायला जागा उरत नाही. तिथं ट्रॅक आहे, खाली-वर होणारे हर्डल आहेत, पावलापावलाची वेळ मोजणारा माणूस आहे.

पहिल्या हर्डलपर्यंतची पावलं हीसुद्धा अशीच मोजायची गोष्ट. पूर्वी पुरुष तिथवर आठ पावलं टाकायचे. क्यूबाच्या डेरॉन रोब्लेसनं सात टाकायला सुरुवात केली आणि २००८ मध्ये १२.८७ चा विश्वविक्रम केला. अमेरिकेच्या एरिस मेरिटनं २०१२ च्या हंगामाआधी आठाची सात केली. त्याच वर्षी लंडनला सुवर्ण घेतलं आणि ब्रसेल्सला १२.८० वर विश्वविक्रम आणून ठेवला. ऐकायला एक पाऊल कमी, पण त्यापायी सुरुवातीच्या ब्लॉकमधले पाय अदलाबदल करावे लागतात. आठ पावलं असतील तर ज्या पायानं हर्डलकडं सुटायचं तोच ब्लॉकमध्ये पुढं असतो, सात केली की तो मागं जातो. लहानपणापासून ज्या पायानं सुरुवात केली तो सोडून द्यायचा, म्हणजे उजव्या हातानं जेवणाऱ्यानं भर पंगतीत डाव्यानं जेवायला लागण्यासारखं.

भारताचं आणि हर्डल्सचं नातं तसं फार जुनं. १९०० च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कलकत्त्याच्या नॉर्मन प्रिचर्डनं २०० मीटर हर्डल्समध्ये रौप्य घेतलं. पुढं होता अमेरिकेचा ॲल्विन क्रेन्झलाइन. पुढचा पाय सरळ टाकून हर्डल पळतापळता ओलांडायची आजची रीत रुजवली ती त्यानं. त्या ऑलिम्पिकला ४०० मीटर हर्डल्ससाठी टेलिफोनचे खांब आडवे टाकले होते असं सांगतात. आमचा ऊस अगदीच मागासलेला नव्हता म्हणायचा. १९६४ ला टोकियोच्या मातीच्या ट्रॅकवर गुरबचनसिंग रंधावा ११० मीटरच्या अंतिम फेरीत पाचवा आला. १९८४ ला लॉस एंजेलिसमध्ये पी. टी. उषाची ४०० मीटर हर्डल्स ५५.४२, तिसरी आलेली रुमानियाची क्रिस्तियाना कोयोकारू ५५.४१. त्या एका शतांशाबद्दल घरोघरी हळहळ झाली.

*

महाराष्ट्राचं खरं नाव झालं ते न पडणाऱ्या हर्डलांवर. ३००० मीटर स्टीपलचेसमधला अडथळा ८० ते १०० किलोचा, जवळजवळ चार मीटर रुंद. तो कलंडत नाही, माणूस कलंडतो. असे २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या. पुरुषांसाठी उंची ९१.४ सेंटिमीटर, महिलांसाठी ७६.२. इथं तीन पावलांचा हिशेब चालत नाही. आजूबाजूला दहा-बारा जण, समोरच्याच्या पाठीमागे अडथळा दिसतही नाही. म्हणून दोन्ही पायांनी जाता यायला हवं, आणि पाऊल बसत नसेल तर अडथळ्याच्या दहा-पंधरा मीटर आधीच ते गुपचूप जुळवून घ्यायला हवं.

माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर खो-खोतून पळण्यात आली, मुंबई मॅरेथॉन भारतीय महिलांत जिंकत आली आणि तिथून स्टीपलचेसमध्ये. २०१५ ला आशियाई अजिंक्यपद, २०१६ ला रिओमध्ये ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करून अंतिम फेरीत, आणि तिथं दहावी. उषानंतर ऑलिम्पिकच्या ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत पोचलेली ती पहिली भारतीय महिला. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे महार रेजिमेंटमधला जवान. सियाचीनला राहिला, मग क्रॉस कंट्री, मग स्टीपलचेस. २०१८ ला त्यानं गोपाळ सैनीचा ३७ वर्षांचा विक्रम मोडला आणि मग स्वतःचेच मोडत राहिला. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, केनियाच्या अब्राहम किबिवोटच्या मागे पाच शतांश सेकंद. २०२३ ला हांगझोऊत आशियाई सुवर्ण. जुलै २०२४ ला पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८ मिनिटं ९.९१, आणि पुढच्याच महिन्यात त्याच शहरात ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत अकरावा. २०२५ च्या जुलैत मोनॅकोला पाण्याच्या उडीपाशीच गुडघा गेला आणि शस्त्रक्रियेपर्यंत पाळी आली.

दोघंही दुष्काळी भागातली आणि अडथळ्यांकडं उशिरा आलेली. अशा माणसांना स्टीपलचेस सामावून घेते, कारण तिला आधी फुप्फुस लागतं. ११० आणि १०० मीटर हर्डल्स कुणाला उशिरा येऊ देत नाहीत. म्हणून आपल्याकडं साबळे आणि बाबर घडतात ते त्यांच्या जिद्दीवर, आणि शिरसे घडायला मात्र चारशे मीटरचा ट्रॅक, दहा चांगले हर्डल आणि वर्षानुवर्षं त्याच एका पोराकडं बघणारा प्रशिक्षक लागतो. हे खर्चाचं काम आहे, पण त्यातला पहिला टप्पा फुकटात होतो. विटा, पाइप आणि फक्की. तो सुद्धा होत नाही, याची मला चीड येते.

आणि एक गोष्ट पैशाची मुळीच नाही, नुसती बघायची आहे. हर्डलचे पाय पळणाऱ्याच्या बाजूला हवेत. उलटा ठेवला तर तो कलंडायच्या ऐवजी अडतो, म्हणजे पुन्हा मेंढ्यांच्या वाड्याची पाटी. मी दहावीत असताना एका मैदानावर चौथ्या लेनमधला सहावा हर्डल उलटा ठेवलेला होता. मांडणाऱ्याच्या लक्षात आलं नाही, माझ्याही आलं नाही. डाव्या नडगीवर अजून खोक आहे. तेव्हापासून मी कुठल्याही मैदानावर गेलो, अगदी लग्नाच्या कार्यालयामागं ढीग करून ठेवलेले हर्डल दिसले तरी, आधी त्यांचे पाय कुणीकडं आहेत ते बघतो. बायको म्हणते, माणसांचे बघत जा जरा.

*

दिवाळीच्या चार दिवस आधी भाचीची तीन पावलं साडेसात मीटरवर बसली. आधी दोन हर्डल, मग तीन, मग पाच. ठोके ऐकू यायला लागले. उतरताना आता टाच आधी टेकत नव्हती, आणि फक्कीच्या रेघेवर तिच्या बुटाचा ठसा रोज थोडा अलीकडं पडत होता. भरतीची पोरं १६०० चे चार राउंड मारून दम खात बसायची आणि तिच्याकडं बघत राहायची. त्यातल्या एकानं पाइपावरून जाऊन बघितलं. उडी झकास होती. मला माझी आठवण झाली.

नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान करून आम्ही उजाडायच्या आत मैदानात. धुकं होतं, महामार्गावरून ट्रकांचा आवाज तेवढा येत होता. ती पलीकडं वॉर्मअप करत होती तेव्हा मी दुसऱ्यापासून पाचव्यापर्यंतचे हर्डल मागं सरकवले. दुसरा एक पावली, तिसरा दोन, चौथा तीन, पाचवा चार, म्हणजे प्रत्येक मधलं अंतर एक पावली वाढलं. जुन्या फक्कीच्या रेघा बुटानं पुसल्या आणि नव्या मारल्या. तिला काही बोललो नाही.

पहिल्या खेपेला ती गेली. तीन, तीन, तीन, तीन. पाचव्यावरून उतरली आणि तशीच पुढं पळत गेली. दुसऱ्या खेपेला तिसऱ्या हर्डलनंतर थांबली, मागं वळली, कंबरेवर हात ठेवून रेघेकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"मामा, हर्डल सरकवलासा न्हवं?"